पालथ्या रुग्णांची पन्नास वर्षे

दम लागलेला माणूस आडवा पडत नाही. तो उठून बसतो, पुढे झुकतो, हात गुडघ्यांवर किंवा खाटेच्या कडेवर रोवतो. हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. चरकसंहितेतल्या तमक श्वासाच्या वर्णनातही ही नोंद आहे की पडल्यावर रुग्णाचा त्रास वाढतो आणि बसल्यावर त्याला जरा बरे वाटते. आधुनिक रुग्णालयांनी याच अनुभवाला शिस्त लावली. १९९९ साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी व्हेंटिलेटरवरच्या ८६ रुग्णांवर केलेली चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये आली. खाटेची डोक्याकडची बाजू ४५ अंश वर ठेवलेल्यांपैकी ८ टक्क्यांना न्यूमोनियाची शंका आली, सपाट झोपवलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना. त्यानंतर जगभरच्या आयसीयूत खाटेचा कोन रोज तपासला जाऊ लागला. नाकातोंडावर मास्क लावून दाबाची हवा (बायपॅप) द्यायची असली तरी सिस्टर आधी रुग्णाला टेकून बसवतात.

अशा शिस्तीत वाढलेल्या डॉक्टरांनी धापा टाकणाऱ्या, पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसाला ‘पालथे व्हा’ असे का सांगावे? २०२० साली हे वाक्य जगातल्या जवळजवळ प्रत्येक कोविड वॉर्डात ऐकू आले. त्यामागे जवळपास पन्नास वर्षांची शोधाशोध आहे. ऑक्सिजनचा आकडा सुधारणे आणि माणूस वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वैद्यकाला या शोधात फार मोठी किंमत देऊन कळले. मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो तो त्यासाठी.

पालथे करणे आणि श्वास यांचा संबंध तसा जुना. १८५६ साली लंडनच्या मार्शल हॉल यांनी बुडालेल्या माणसाला पालथे करून कुशीवर आणि पुन्हा पालथे असे लोळवण्याची पद्धत सुचवली. १९०३ च्या सुमारास एडिंबरोचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड शेफर यांनी पालथ्या माणसाच्या पाठीवर तालात दाब देण्याची पद्धत मांडली. पुढे डेन्मार्कच्या होल्गर नील्सन यांनी तिला दंड उचलण्याची जोड दिली. जीभ पुढे पडते, पाणी बाहेर येते, वाट मोकळी राहते, एवढाच त्यामागचा विचार होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तोंडाने तोंडात श्वास देण्याची पद्धत सिद्ध झाली आणि पालथ्या माणसाचे हे पहिले पर्व संपले.

दुसरे पर्व आयसीयूत सुरू झाले. १९६७ साली डेन्व्हरच्या ॲशबॉ, पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये १२ रुग्णांची हकीकत लिहिली. कुणाला अपघात झाला होता, कुणाला विषाणूची लागण, कुणाला आणखी काही. सगळ्यांची फुप्फुसे मात्र सारखीच बिघडली होती: क्ष-किरणात दोन्ही बाजू पांढऱ्या, श्वास वेगाचा, ऑक्सिजन देऊनही रक्तात पोचत नाही. या अवस्थेला पुढे एआरडीएस हे नाव मिळाले. उपाय म्हणजे घशात नळी, व्हेंटिलेटर आणि हवेचा वाढीव दाब. रुग्ण उताणाच असे, कारण नळ्या, सलाइन, ड्रेसिंग, तपासणी असे सगळे काम त्याच्या पुढच्या बाजूने चाले. तो दिवसचे दिवस त्याच स्थितीत राही.

उताणे राहण्याने फुप्फुसाचे काय होते, हा प्रश्न टोरांटोच्या चार्ल्स ब्रायन यांना पडला. १९७४ साली ॲलिसन फ्रोझ आणि ब्रायन यांनी माणसाचे श्वासपटल कसे हलते ते क्ष-किरणांखाली पाहिले. उताणा पडलेला माणूस जागा असेल आणि स्वतः श्वास घेत असेल, तर श्वासपटलाचा पाठीकडचा भाग जास्त हलतो. त्याच माणसाला भूल देऊन स्नायू शिथिल केले आणि यंत्राने हवा ढकलली, की पोटाकडचा भाग जास्त हलतो आणि पाठीकडचा मंदावतो. फुप्फुसाचा मोठा वाटा तर पाठीकडेच असतो. मग यंत्रावरच्या रुग्णाला पालथे केले तर पाठीकडची फुप्फुसे उघडतील का? ब्रायन यांनी तशी सूचना केली. जाग्या माणसाच्या श्वासपटलाविषयीचे त्यांचे निरीक्षण मात्र पुढची चार दशके बाजूला पडले.

ही सूचना दोन वर्षांत खाटेपर्यंत पोचली. १९७६ साली पील आणि ब्राउन यांनी पाच रुग्णांना पालथे केले आणि पाचही जणांच्या रक्तातला ऑक्सिजन वाढला. त्यासाठी त्यांनी पोलादी वर्तुळाच्या चौकटीत फिरणारी एक खाट वापरली. दोन गाद्यांमध्ये रुग्णाला धरून ती चाकासारखी फिरे, आणि तो पोटावर येई. पुढच्याच वर्षी मेयो क्लिनिकच्या डग्लस आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णांत तोच परिणाम दाखवला. त्यांनी साधी खाट वापरली आणि खांद्यांखाली व कमरेखाली आधार देऊन पोट मोकळे सोडले. एवढा स्वस्त उपाय लगेच पसरायला हवा होता. पण नळी निसटली तर रुग्ण काही मिनिटांत जातो, आणि यंत्रावरच्या बेशुद्ध माणसाला सुखरूप पालथे करायला चार-पाच जाणती माणसे एका वेळी लागतात. बहुतेक ठिकाणी कुणी त्या वाटेला गेले नाही.

या गोष्टीचा गाभा मिलानमध्ये आहे. १९८० च्या दशकात लुचानो गत्तिनोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एआरडीएसच्या रुग्णांना, व्हेंटिलेटरसकट, सीटी स्कॅनच्या खोलीत नेले. साध्या क्ष-किरणात ही फुप्फुसे सारखीच पांढरी दिसत. सीटीत चित्र वेगळेच निघाले. उताण्या रुग्णाच्या छातीकडचा भाग जवळपास निरोगी होता आणि पाठीकडचा मिटून घट्ट झालेला होता. हवा घेऊ शकणारे फुप्फुस लहान मुलाच्या फुप्फुसाएवढेच उरलेले. गत्तिनोनींनी त्याला नावच ‘बाळ-फुप्फुस’ असे दिले. मोठ्या माणसाच्या मापाची हवा त्या एवढ्याशा जागेत कोंबली की ती जागाही फाटते, हे त्यातून पुढे उमगले.

मग त्यांनी सरळ विचार केला. रक्त वजनाने खाली जाते, म्हणजे उताण्या माणसात पाठीकडे. तिथे हवा नाही. रुग्णाला पालथे केले, तर चांगला भाग खाली येईल, रक्त त्याच्याकडे वळेल आणि ऑक्सिजन वाढेल. त्यांनी पालथे केले आणि ऑक्सिजन खरोखर वाढला. पण पालथ्या अवस्थेतच पुन्हा सीटी काढले तेव्हा सगळ्यांना थक्क करणारे चित्र दिसले. पाठीकडचा घट्ट पांढरा भाग उघडला होता, आणि आता छातीकडे, म्हणजे नव्याने खाली गेलेल्या बाजूला, पांढरेपणा आला होता. चांगला भाग आणि वाईट भाग या पक्क्या जागा नव्हत्याच. दहा रुग्णांवरचे हे काम १९९१ साली छापून आले. उपाय बरोबर निघाला होता, पण त्याच्यामागचे कारण वेगळेच होते.

ते समजावताना स्पंजचे उदाहरण पुढे आले. भिजलेला स्पंज उभा धरला की वरच्या थराचे वजन खालच्या थरावर पडते आणि खालची छिद्रे मिटतात. सुजलेल्या, पाणी धरलेल्या फुप्फुसाचेही तसेच होते. त्यात उताण्या माणसाचे हृदय डाव्या फुप्फुसावर टेकलेले असते आणि पोटातले अवयव श्वासपटलाच्या मागच्या भागाला वर ढकलतात. पालथे केले की हृदय छातीच्या हाडावर विसावते आणि पाठीकडचे मोठे फुप्फुस मोकळे होते. रक्ताचा प्रवाह मात्र पालथेपणातही बराचसा पाठीकडेच राहतो. अशा रीतीने हवा आणि रक्त एकाच जागी भेटतात, हे या उपायाचे मर्म आहे.

कारण कळले, आकडे सुधारत होते. मग माणसे वाचायला हवी होती. २००१ साली गत्तिनोनींच्याच नेतृत्वाखाली इटलीत ३०४ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल आला. रोज किमान सहा तास, दहा दिवस पालथे ठेवायचे ठरले होते. ऑक्सिजन वाढला, मृत्यू तेवढेच राहिले. २००४ साली फ्रान्समध्ये क्लोद गेरँ यांनी ७९१ रुग्ण घेतले, तरी उत्तर तेच. २००९ साली आणखी ३४२ रुग्ण, पुन्हा तेच. हट्टाने, प्रामाणिकपणे आपलाच आवडता उपाय तपासत राहणाऱ्या या माणसांविषयी मला आदर वाटतो. प्रत्येक अपयशी चाचणीतून ते एक-एक धडा उचलत गेले. फार आजारी असलेलेच निवडा, लवकर सुरू करा, हवेचे माप लहान ठेवा, आणि तास वाढवा.

२०१३ साली गेरँ यांची ‘प्रोसेव्हा’ चाचणी प्रसिद्ध झाली. फ्रान्समधली २६ आणि स्पेनमधले १ अशा २७ आयसीयूंत ४६६ रुग्ण. या सगळ्या ठिकाणी पालथे करण्याचा पाच वर्षांहून जास्त सराव होता. पालथे ठेवायचे ते सलग किमान १६ तास. २८ दिवसांत उताण्या गटातले ३२.८ टक्के रुग्ण दगावले, पालथ्या गटातले १६ टक्के. गंभीर आजाराच्या उपचारात मृत्यू निम्म्यावर येणे ही फार दुर्मीळ गोष्ट. त्यात कोणतेही नवे औषध नव्हते. होते ते हात, सराव आणि तास.

हे सगळे नळी घातलेल्या, गुंगीत असलेल्या रुग्णांचे. तोवर नळीविना श्वासाला आधार देण्याची वेगळी परंपरा वाढत होती. १९३६ साली लंडनच्या पोल्टन यांनी हृदय थकून फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णांना मास्कमधून दाबाची हवा दिली. त्यांच्या यंत्रात व्हॅक्यूम क्लीनरचा पंखा होता. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी झोपेत श्वास अडणाऱ्यांसाठी नाकावरचा मास्क आणला. पुढे बायपॅप आला. इटलीत मानेभोवती बसणारे पारदर्शक हेल्मेट आले. नाकातून मिनिटाला ५०-६० लिटर उबदार, दमट हवा सोडणारा हाय-फ्लो आला. या सगळ्यांत रुग्ण जागा असतो, बोलतो, आणि मुख्य म्हणजे स्वतः श्वास घेतो. ब्रायन आणि फ्रोझ यांच्या क्ष-किरणात पाठीकडचे श्वासपटल जोमाने हलवणारा माणूस तो हाच.

त्याला पालथे करून पाहण्याचे तुरळक प्रयत्न झाले. २०१५ साली इटलीतून १५ रुग्णांचा मागोवा छापून आला, आणि पालथे असेपर्यंत ऑक्सिजन सुधारतो असे त्यात दिसले. चीनमध्ये २० रुग्णांना हाय-फ्लो किंवा मास्कसोबत पालथे ठेवले, तेव्हा ११ जणांना नळी लागली नाही. हा शोधनिबंध २०२० च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला, आणि त्याच दिवसांत वुहानची रुग्णालये भरत होती.

मार्चमध्ये लोंबार्दी कोलमडली. मिलानजवळच्या मोन्झात सान जेरार्दो रुग्णालय आहे. पालथेपणाचा अभ्यास करणाऱ्या इटालियन मंडळींचे हे जुने ठिकाण. २००१ च्या चाचणीतले गत्तिनोनींचे सहकारी अंतोनियो पेसेंती आता साऱ्या लोंबार्दीच्या आयसीयू खाटांचा समन्वय पाहत होते. खाटा संपल्या होत्या, आणि वॉर्डा-वॉर्डांत हेल्मेट घातलेली माणसे होती. सान जेरार्दोच्या डॉक्टरांनी २० मार्च ते ९ एप्रिल या काळात ५६ जाग्या रुग्णांना किमान तीन तास पालथे राहायला सांगितले. ४७ जणांना ते जमले. रक्तातला ऑक्सिजन आणि दिलेला ऑक्सिजन यांचे गुणोत्तर १८०.५ होते, ते पालथे झाल्यावर २८५.५ झाले. पुन्हा उताणे केल्यावर सरासरी १९२.९ वर उतरले. निम्म्या रुग्णांत सुधारणा टिकली, निम्म्यांत विरली. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या एका तातडीच्या विभागात ५० रुग्णांची नोंद झाली. ऑक्सिजन लावूनही त्यांच्या रक्तातल्या ऑक्सिजनच्या पातळीचा आकडा ८४ टक्के होता, तो पाच मिनिटे पालथे झाल्यावर ९४ दिसला. हा निबंध वाऱ्यासारखा पसरला. दमलेल्या डॉक्टरांना डोळ्यांसमोर चढणारा आकडा दिसत होता, आणि त्या दिवसांत चढणारे दुसरे काही दिसत नव्हते.

पण जाग्या माणसाला पालथे राहणे सोपे नाही. बेशुद्ध रुग्णाला १६ तास ठेवता येते, कारण त्याला विचारावे लागत नाही. जाग्याची मान अवघडते, खांदे भरून येतात, सुटलेले पोट दबते. मास्कची कड गालात रुतते, हेल्मेटची नळी ओढली जाते. खाता येत नाही, पाणी मागता येत नाही, दारातून कोण आले ते दिसत नाही. पीपीई किटमधले चेहरे आधीच ओळखू येत नव्हते, त्यात आता फक्त पावले ऐकू येत. नाकातल्या हाय-फ्लोवर हे त्यातल्या त्यात निभते. मास्कवर फार कठीण. छातीखाली किती उशी घ्यायची, एक हात वर आणि एक खाली असा कधी बदलायचा, कुशीवर केव्हा वळवायचे, हे सगळे सिस्टर आणि वॉर्डातल्या मावशी-मामांनी रुग्णागणिक शोधून काढले.

आपल्याकडे हा उपाय घराघरात गेला तो २०२१ च्या एप्रिलमध्ये. १८ एप्रिलला महाराष्ट्रात एका दिवसात ६८ हजारांहून जास्त नवे रुग्ण नोंदले गेले. २१ तारखेला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळाला, पुरवठा तुटला आणि किमान २२ रुग्ण गेले. त्याच आठवड्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी असलेल्या रुग्णांसाठी सचित्र पत्रक काढले. ऑक्सिजनची पातळी ९४ च्या खाली गेली तर पालथे व्हा. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. अर्धा ते दोन तासांनी स्थिती बदला: पालथे, उजवी कूस, टेकून बसणे, डावी कूस, पुन्हा पालथे. जेवल्यावर तासभर थांबा. गरोदर स्त्रिया, गंभीर हृदयविकाराचे रुग्ण आणि मणका किंवा मांडीचे हाड मोडलेल्यांनी करू नये. ही चित्रे व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोचली. सिलिंडरसाठी फोन लावणाऱ्या घरात उशा तर होत्या, आणि काहीतरी करता येण्याजोगे हाती आले. पत्रक काढले हे योग्यच झाले असे मला वाटते. पण घरी एक धोकाही होता. पालथे झाल्यावर ८८ चे ९३ झाले की घरचे सुटकेचा श्वास टाकत, आणि रुग्णालयात नेण्याचा निर्णय सकाळवर जाई. आकडा चढला तरी श्वासाची गती मिनिटाला ३०-३५ राहिली असेल, मानेचे स्नायू ओढले जात असतील, तर तो माणूस थकत चाललेला असतो.

हे पत्रक निघाले तेव्हा जाग्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल यायचे होते. त्यातली एक गोष्ट आवर्जून सांगावी अशी. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, फ्रान्स, स्पेन आणि आयर्लंड या सहा देशांत वेगवेगळ्या चाचण्या चालल्या होत्या. निकाल हाती येण्याआधीच त्या संशोधकांनी ठरवले की आपले रुग्ण एकत्र मोजायचे. संशोधनाच्या जगात आपला निबंध आधी छापण्याची ओढ किती असते हे जाणणाऱ्यांना या निर्णयाचे मोल कळेल. हाय-फ्लोवरचे ११२६ रुग्ण त्यात जमले. स्टीफन एरमान आणि सहकाऱ्यांनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये निकाल दिला. २८ दिवसांत नळी लागणे किंवा मृत्यू येणे हे नेहमीच्या उपचारात ४६ टक्के, पालथ्या गटात ४० टक्के. फायदा होता, पण मुख्यतः नळी टळण्याचा. मृत्यूंमधला फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता.

त्या आकड्यांच्या आत पुन्हा तासांचा हिशेब निघाला. रोज आठ तास किंवा जास्त पालथे राहिलेल्यांत उपचार फसण्याचे प्रमाण १७ टक्के होते, त्याहून कमी राहिलेल्यांत ४८ टक्के. सर्वात जास्त वेळ पालथे राहिले ते मेक्सिकोतले, ग्वादालाहाराच्या रुग्णालयातले रुग्ण. यावरून तासच माणूस वाचवतात असे म्हणणे घाईचे ठरेल. ज्याची तब्येत थोडी बरी, त्यालाच आठ तास पालथे राहणे जमते, हेही तेवढेच खरे.

२०२२ साली कॅनडा-अमेरिकेतल्या १५ रुग्णालयांतल्या २४८ रुग्णांची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण फायदा दिसण्याची शक्यता उरली नव्हती. त्यात पालथे राहण्याचा मध्यम काळ पहिल्या ७२ तासांत अवघा सहा तास होता. त्याच वर्षी वलीद अल्हझानी यांच्या ४०० रुग्णांच्या चाचणीत नळी लागण्याचे प्रमाण ३४.१ विरुद्ध ४०.५ टक्के आले. दिशा तीच, तरी फरक निःसंशय ठरला नाही. अमेरिकेतल्या ५०१ रुग्णांच्या आणखी एका अभ्यासात तर पाचव्या दिवशी पालथ्या गटाची अवस्था जास्त वाईट दिसली. ते बहुतेक कमी आजारी, कमी ऑक्सिजनवर असलेले रुग्ण होते. मग ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १७ चाचण्या आणि २९३१ रुग्ण एकत्र मोजले गेले. पालथे झाल्याने नळी लागण्याची शक्यता कमी होते हे त्यात पक्के झाले. मृत्यू कमी होतात असे म्हणता आले नाही. ज्यांना हाय-फ्लो किंवा मास्कचा भक्कम आधार लागतो आणि जे तास काढू शकतात, त्यांना फायदा जास्त, असा आता बहुतेक डॉक्टरांचा कल आहे. म्हणून अनेक वॉर्डांत आता जाग्या रुग्णाच्या पालथेपणाचेही तास लिहून ठेवतात, आणि पालथे केल्यावर श्वास थकतो आहे असे दिसले तर नळी घालण्यात वेळ दवडत नाहीत.